नॅस बदलला आणि चौसष्ट प्लेलिस्ट मुक्या झाल्या

जुना नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेला, फाइली साठवायचा डबा) अकरा वर्षं चालला. शेवटी शेवटी त्याचं एकेक सुरू झालं: रात्री आपोआप बंद पडणं, सकाळी दोनदा बटण दाबल्यावरच जागं होणं. डिस्क मात्र धडधाकट होत्या, म्हणून गाणी वाचली. ती आधी एका बाहेरच्या डिस्कवर उतरवली, मग नव्या डब्यात चढवली. फोल्डर उघडून दोन-चार फाइल वाजवून पाहिल्या, वाजल्या. म्हटलं, सुटले. रात्री कामाला बसताना प्लेअरमध्ये 'रात्रीची प्रूफं' ही प्लेलिस्ट लावली, तर समोर एकशे बारा राखाडी ओळी. नावं सगळी जागच्या जागी, आवाज एकाचाही नाही.

भाचा म्हणाला, "मावशी, नव्यानं करून टाक ना. दोन रविवारांचं काम."

"तू करतोस?"

तो गप्प. प्लेलिस्ट चौसष्ट होत्या. कुठल्या गाण्यानंतर कुठलं, हे वर्षानुवर्षं मागेपुढे करून जमवलेलं. ते डोक्यातून पुन्हा उतरवता येत नाही.

माझा व्यवसाय मुद्रितशोधनाचा. मूळ प्रत डावीकडे, प्रूफ उजवीकडे, पट्टी सरकवत ओळ ओळ ताडून पाहायची. या चौसष्ट प्लेलिस्ट मी त्याच पद्धतीनं दुरुस्त केल्या. नवी यादी एकही करावी लागली नाही. कसं केलं ते लिहिते.

काही दुरुस्त करण्याआधी

पहिली गोष्ट, प्लेअरचं आपोआप स्कॅन होणं बंद करा. घाई करायची ती इथेच. फाइल जागेवर नाही असं दिसलं की बरेचसे प्लेअर आणि सर्व्हर ती नोंद 'गहाळ' ठरवतात आणि पुढच्या साफसफाईत काढून टाकतात. नोंदीबरोबर प्लेलिस्टमधली जागा, दिलेले तारे, किती वेळा ऐकलं तो आकडा, सगळं जातं. प्लेक्समध्ये प्रत्येक स्कॅननंतर कचरा आपोआप रिकामा करण्याची सोय असते, ती बंद करा. कोडीमध्ये 'क्लीन लायब्ररी', फूबार२०००मध्ये मेलेल्या नोंदी काढण्याची आज्ञा, या बटणांना तूर्त हात लावू नका. राखाडी ओळ म्हणजे अजून हातात असलेली ओळ. ती पुसली गेली की दुरुस्त करायला उरतं काय?

दुसरी, प्लेलिस्टच्या सगळ्या फाइल आणि प्लेअरचा डेटाबेस यांची एक प्रत वेगळ्या जागी ठेवा. मी फोल्डरला 'हात लावायचा नाही' असंच नाव दिलं.

तिसरी, जुन्या डिस्क पुसू नका. त्यांच्याकडे परत यावं लागतं. मला लागलं.

प्लेलिस्टमध्ये गाणी नसतात

यादीची फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. एम३यू किंवा एम३यू८ असेल तर आत असं काहीतरी दिसेल:

#एक्स्टएम३यू
#एक्स्टइन्फ:२४७,निळी कॅसेट - तिसरं
\\जुनाडबा\गाणी\कॅसेट\निळी\०३.फ्लॅक

(मी इथे सगळं देवनागरीत लिहिते आहे, तुमच्या फाइलमध्ये यातलं बरंच रोमन लिपीत असेल.)

मधल्या ओळीतला २४७ हा सेकंदांचा आकडा आणि पुढचं नाव फक्त दाखवण्यापुरतं. म्हणूनच गाणं सापडत नसलं तरी यादीत नाव छान दिसत राहतं आणि आपण बुचकळ्यात पडतो. खरी ओळ तिसरी. तो पत्ता आहे. घर बदललं, पाटी बदलली, आणि यादी अजून जुन्याच दारावर थाप मारते आहे.

पीएलएस प्रकारच्या यादीत हाच पत्ता 'फाइल१=', 'फाइल२=' अशा ओळींत असतो. एक्सएसपीएफमध्ये तो वेब-पत्त्यासारखा असतो, म्हणजे मोकळ्या जागेच्या ठिकाणी %२०, आणि देवनागरीचं एक अक्षर म्हणजे टक्क्यांच्या खुणांसकट नऊ चिन्हं. 'क' तिथे %ई०%ए४%९५ असा दिसतो. बघून घाबरायला होतं, पण ही कुरूप लिपी पुढे एका ठिकाणी फार उपयोगी पडणार आहे.

पट्टी ठेवा आणि डावीकडून वाचा

आता एक मेलेली ओळ निवडा. एकच. यादीतला तिचा जुना पत्ता कोऱ्या पानावर चिकटवा. मग तेच गाणं नव्या डब्यात फोल्डर उघडून शोधा, त्याचा आजचा पूर्ण पत्ता कॉपी करा आणि जुन्याच्या बरोबर खाली चिकटवा. विंडोजमध्ये शिफ्ट दाबून उजवी क्लिक केली की 'कॉपी ॲज पाथ' मिळतं. मॅकवर उजव्या क्लिकच्या यादीत ऑप्शन दाबून धरलं की तशीच आज्ञा दिसते.

\\जुनाडबा\गाणी\कॅसेट\निळी\०३.फ्लॅक
\\नवाडबा\संगीत\कॅसेट\निळी\०३.फ्लॅक

आता डावीकडून एकेक अक्षर ताडा. फरक कुठे पडतो त्यावर पुढचं सगळं ठरतं. डाव्या टोकाला फरक असेल तर दोष पत्त्याचा: डब्याचं नाव, शेअरचं (नेटवर्कवर खुल्या केलेल्या फोल्डरचं) नाव, ड्राइव्हचं अक्षर. मध्ये असेल तर कॉपी करताना एखादं फोल्डर जास्तीचं आलं किंवा गळलं. 'संगीत'च्या आत पुन्हा 'गाणी' असं पिल्लू झालेलं मी पाहिलंय. उजव्या टोकाला असेल तर दोष फाइलच्या नावाचा.

एडिटर उघडण्याआधीही अंदाज येतो. सगळ्या याद्यांतलं सगळं मेलं असेल तर डावं टोक बघा. एखादा आख्खा अल्बम मेला असेल तर मध्य. अधूनमधून एखादंच गाणं मेलं असेल, शेजारची दोन वाजताहेत आणि मधलं नाही, तर उजवं टोक. माझ्याकडे पहिल्या दिवशी डावं टोक तुटलेलं होतं. ते सांधलं तेव्हा खाली दडलेलं उजव्या टोकाचं दुखणं वर आलं. तेव्हा एक दुरुस्ती करून सगळं वाजेल अशी आशा धरू नका.

डावं टोक: पत्ता बदलण्यापेक्षा पाटी बदला

चौसष्ट फाइलींत बदल करण्याआधी हा विचार करा: नव्या डब्यालाच जुनं नाव दिलं तर? जुना डबा कायमचा बंद झाला असेल तर यासारखा सोपा उपाय नाही. नव्या नॅसच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचं नाव जुनंच ठेवा (पंधरा अक्षरांच्या आत; नेटबायॉस, म्हणजे नेटवर्कवर नावानं डबा शोधायची जुनी पद्धत, तिची तेवढीच झेप आहे) आणि शेअर केलेल्या फोल्डरचं नावही तंतोतंत जुनंच. याद्यांना काही कळतही नाही आणि त्या वाजायला लागतात.

यात अडखळायच्या जागा दोन. एक, विंडोजनं जुन्या नावाबरोबर जुना पासवर्डही लक्षात ठेवलेला असतो. नाव तेच, म्हणून तो तोच पासवर्ड पुढे करतो आणि नवा डबा दार उघडत नाही. 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये जाऊन त्या नावाची नोंद काढली की पुन्हा विचारतो. माझे तीन तास यात गेले. दुसरी, यादीत नावाऐवजी १९२.१६८ वगैरे आकड्यांचा पत्ता असेल तर पाटी बदलून उपयोग नाही. राउटरमध्ये जुन्या डब्यासाठी पत्ता राखून ठेवला असेल तर तो त्या डब्याच्या मॅक ॲड्रेसला (नेटवर्क-जोडणीचा स्वतःचा क्रमांक, ॲपलच्या मॅकशी संबंध नाही) बांधलेला असतो. नव्या डब्याचा मॅक ॲड्रेस वेगळा, त्यामुळे राउटर त्याला दुसराच आकडा देतो. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ते आरक्षण नव्या मॅक ॲड्रेसच्या नावे करा.

डब्याचं नाव काही कारणानं बदलता येत नसेल तर टोपणनाव देता येतं. नॅसवर सांबाची (फाइली नेटवर्कवर खुल्या करणाऱ्या प्रोग्रामची) सेटिंग फाइल हाताळता येत असेल तर 'नेटबायॉस एलियासेस' या ओळीत जुनं नाव टाका. ते जमत नसेल तर आपल्या संगणकाच्या 'होस्ट्स' फाइलमध्ये नव्या डब्याच्या आकड्यांपुढे जुनं नाव लिहा. फक्त ते त्या एकाच संगणकापुरतं चालतं.

ड्राइव्हचं अक्षर वापरत असाल, झेड: वगैरे, तर काम आणखी सोपं. नवा शेअर त्याच अक्षराला जोडा. यादी झेड: म्हणते, तिला झेड: मिळतं.

मॅकवाल्यांनी एक बघावं. शेअर 'व्हॉल्यूम्स' फोल्डरखाली जोडला जातो. त्या नावाचं काहीतरी तिथे आधीच असेल, मग ते मागच्या वेळचं नीट न सुटलेलं का असेना, तर नवा शेअर 'गाणी-१' अशा नावानं जोडला जातो. फाइंडरमध्ये दिसतो तो 'गाणी'च; पत्ता मात्र 'गाणी-१'. सगळे शेअर सोडवून, संगणक पुन्हा सुरू करून एकदाच जोडा आणि पत्ता पुन्हा तपासा.

पाटी बदलणं शक्यच नसेल तर मग फाइलींत बदल. नोटपॅड++ किंवा व्हीएस कोड यांसारख्या एडिटरमध्ये आख्ख्या फोल्डरभर 'शोधा आणि बदला' करता येतं. शोधायचा मजकूर म्हणजे सगळ्या ओळींना समान असलेला, शक्य तितका लांब डावा भाग, शेवटच्या तिरक्या रेघेसकट. नुसतं 'गाणी' शोधून 'संगीत' केलंत तर 'लहान मुलांची गाणी' या फोल्डरच्या पत्त्याचंही संगीत होईल. रेग्युलर एक्सप्रेशनची (सांकेतिक नमुन्यानं शोधायच्या सोयीची) खूण काढून ठेवा. तिथे उलट्या तिरक्या रेघेला वेगळा अर्थ असतो आणि शोध काहीतरी भलतंच सापडवतो. लिनक्सवर 'सेड' वापरणाऱ्यांनी आज्ञेत तिरक्या रेघेऐवजी उभी रेघ सीमेसाठी वापरावी, म्हणजे पत्त्यातली प्रत्येक रेघ वेगळी सांभाळावी लागत नाही. आधी एका यादीवर करा, वाजवून बघा, मग बाकीच्या त्रेसष्टांवर.

आणि प्लेअर नक्की कुठे चालतो ते ध्यानात असू द्या. तुमच्या संगणकावरून जो पत्ता \\नवाडबा\संगीत असा दिसतो, तोच डब्याच्या आतून वेगळा असतो. सिनॉलॉजीवर तो 'व्हॉल्यूम१'पासून सुरू होतो, ट्रूनॅसवर 'एमएनटी'पासून. संगीताचा सर्व्हर नॅसवरच चालत असेल तर त्याला आतला पत्ता लागतो. तो डॉकरच्या कंटेनरमध्ये (प्रोग्रामला बाकीच्यांपासून वेगळं ठेवणाऱ्या पेटीत) असेल तर कंटेनरच्या आतला, म्हणजे तिसराच. पण इथे डॉकरचा फायदाही आहे: नवं फोल्डर कंटेनरमध्ये जुन्याच आतल्या नावानं जोडा, सर्व्हरच्या दृष्टीनं काहीच बदललेलं नसतं.

उजवं टोक: ज्या ओळी दिसायला अगदी बरोबर असतात

नाव देऊन डावं टोक सांधलं तशी एकशे बारापैकी एक्क्याण्णव गाणी वाजली. एकवीस राहिली. दोन्ही पत्ते एकाखाली एक ठेवले. अक्षर न् अक्षर सारखं. पट्टी ठेवून वाचलं, उलटं वाचलं (प्रूफं तपासताना थकल्यावर आम्ही ओळ उलटी वाचतो, डोळा अर्थावरून घसरत नाही). फरक नाही.

मग त्या एकवीस ओळी वेगळ्या काढून एकाखाली एक लावल्या आणि खूण दिसली. 'कोपऱ्यातल्या कॅसेटी'. 'दुसऱ्या बाजूचं पहिलं'. 'वऱ्हाडी ०२'. 'किनाऱ्यावर, संध्याकाळ'. प्रत्येक ओळीत 'ऱ' होता. ज्या ओळींत नव्हता त्या सगळ्या वाजत होत्या.

कारण असं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, 'ऱ' दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकतर ०९३१ हे एकच चिन्ह, किंवा साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता, अशी ०९३० आणि ०९३सी ही दोन चिन्हं. पडद्यावर फरक शून्य. फाइलच्या नावासाठी मात्र हे दोन वेगळे शब्द. बाहेरच्या ज्या डिस्कवर मी गाणी तात्पुरती उतरवली ती मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस पद्धतीनं फॉरमॅट केलेली होती, आणि ती पद्धत फाइलींची नावं अशी फोडूनच साठवते. तिथून आरसिंक या कॉपी करायच्या साधनानं नव्या डब्यात नेताना फोडलेली नावं तशीच गेली. प्लेलिस्टच्या फाइलीतला मजकूर मात्र कुणी फोडला नाही. यादी अखंड 'ऱ' शोधते, डब्यात फोडलेला 'ऱ' बसलाय. मराठीच्या नेहमीच्या अक्षरांत या कात्रीत सापडणारं अक्षर जवळपास हे एकच. रोमन नावांतली डोक्यावर रेघ किंवा टिंबं असलेली अक्षरंही याच कात्रीत सापडतात, तेव्हा तुमच्याकडे फ्रेंच किंवा जर्मन गाणी असतील तर तीही तपासा.

डोळ्यांना दिसत नसेल तर ती टक्क्यांची कुरूप लिपी कामाला लावा. दोन्ही पत्ते तिच्यात रूपांतरित करून घ्या. अखंड 'ऱ' तिथे %ई०%ए४%बी१ असा दिसतो. फोडलेला %ई०%ए४%बी० आणि लगेच %ई०%ए४%बीसी. लपायला जागाच राहत नाही.

उपाय म्हणजे फाइलींची नावं पुन्हा अखंड करणं. लिनक्सवर 'कॉन्व्हएमव्ही' नावाचं साधन हेच करतं: दोन्हीकडची लिपी (एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ सांगायची आणि एनएफसी, म्हणजे अक्षरांचं अखंड रूप, हवं असं म्हणायचं. याची एक सवय मला फार आवडली. मुद्दाम 'नोटेस्ट' असं सांगितल्याशिवाय ते एकाही फाइलला हात लावत नाही, काय बदलेल तेवढं दाखवतं. आमच्या धंद्यात असं आधी प्रूफ दाखवणारे छापखाने थोडेच.

ते चालवल्यावर एकवीसपैकी सतरा वाजली. उरलेल्या चारांत आणखी एक तिढा होता. ती नावं मी फार पूर्वी वेगळ्या कीबोर्डवर टाइप केली होती. तिथे 'ऱ्या' हे 'र', हलन्त, मग २००डी हे अदृश्य जोडचिन्ह आणि 'य' असं तयार व्हायचं. एनएफसी या प्रकाराला शिवत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ते वेगळंच लेखन आहे. आणि हे लेखन फाइलच्या नावात होतं, यादीत मात्र ०९३१चा 'ऱ' बसला होता. या चार फाइलींची नावं मी हातानं पुन्हा टाइप केली, आणि यादीतल्या ओळीही.

उजव्या टोकाची बाकीची दुखणी साधी आहेत. लहान-मोठी (कॅपिटल-स्मॉल) रोमन अक्षरं: विंडोजला दोन्ही सारखी, पण नॅसच्या पोटात चालणाऱ्या लिनक्सच्या सर्व्हरला नाही. संगणकावर वाजणारं गाणं नॅसवरच्या सर्व्हरला सापडत नसेल तर पहिला संशय यावर. प्रश्नचिन्ह, विसर्गासारखी दोन टिंबं, तारा ही चिन्हं विंडोजच्या फाइलनावात चालत नाहीत, लिनक्समध्ये चालतात. जुन्या डब्यात अशी नावं असतील तर विंडोजला ती तुटक, मध्ये नागमोडी रेघ असलेली सांकेतिक नावं म्हणून दिसतात, आणि विंडोजमधून कॉपी केलीत तर नव्या डब्यात ती सांकेतिक नावंच कायमची होतात. असं झालं असेल तर तेवढी फोल्डरं जुन्या डिस्कवरून पुन्हा आणा, या वेळी विंडोजला मध्ये न घेता.

फाइल दिसते, नाव बरोबर, तरी वाजत नाही? परवानगी बघा. सर्व्हर ज्या वापरकर्त्याच्या नावानं चालतो त्याला फाइल वाचण्याची आणि वरच्या प्रत्येक फोल्डरमध्ये शिरण्याची मुभा हवी.

यादीतच प्रश्नचिन्हं असतील तर

हा भाग वाचून वाईट वाटेल, पण सांगायला हवं. साध्या एम३यू फाइलला आपली लिपी कुठली ते सांगायची सोय नाही. जुन्या प्लेअरनी त्या विंडोजच्या स्थानिक लिपीत जतन केल्या असतील तर देवनागरी अक्षरांच्या जागी नुसती ???? उरतात. ती अक्षरं लपलेली नाहीत, गेलेली आहेत. कुठल्याही रूपांतरानं परत येत नाहीत. एम३यू८ म्हणजे हीच यादी यूटीएफ-८मध्ये. देवनागरी नावं असणाऱ्यांनी नेहमी तीच वापरावी.

माझ्या दोन याद्या अशा निघाल्या. पण आकडे वाचलेले असतात. इंग्रजी आकडे सगळ्या एन्कोडिंगांत तेच, त्यामुळे सेकंदांचा आकडा आणि फाइलच्या नावातला गाण्याचा क्रमांक जसेच्या तसे होते. मी प्लेअरमध्ये सगळी गाणी लांबीनुसार लावली. २४७ सेकंदांचं, आणि फाइलच्या नावात ०३ असलेलं, असं गाणं एकच निघालं. अशी अडतीस ओळी सोडवल्या. शब्दकोड्यासारखं आहे, आणि खरं सांगायचं तर सगळ्या उद्योगात मला मजा आली ती इथेच.

प्रश्नचिन्हांऐवजी à¤ अशा चित्रविचित्र जोड्या दिसत असतील तर मात्र आनंद माना. अक्षरं शाबूत आहेत, फक्त चुकीच्या चष्म्यातून दिसताहेत. एडिटरमध्ये लिपी यूटीएफ-८ निवडून फाइल पुन्हा उघडा आणि एम३यू८ म्हणून जतन करा. जतन करताना बीओएम नको. ते फाइलच्या सुरुवातीचं अदृश्य चिन्ह पहिल्या ओळीला चिकटतं आणि काही प्लेअर ती ओळ ओळखत नाहीत. विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ म्हटलं की ते चिकटायचंच; विंडोज १०च्या १९०३ आवृत्तीपासून तसं होत नाही.

जिथे यादीची फाइलच नसते

प्लेक्समध्ये यादी डेटाबेसमध्ये असते. तिथे क्रम महत्त्वाचा: लायब्ररीला नवं फोल्डर आधी जोडा, पूर्ण स्कॅन होऊ द्या, नवी गाणी जुन्या नोंदींना जुळली याची खात्री करा आणि मगच जुनं फोल्डर काढा. उलट केलंत तर नोंदींबरोबर याद्याही रिकाम्या होतात. जेलीफिन प्रत्येक यादीची एक्सएमएल फाइल ठेवतं, त्यात पत्ते उघडे दिसतात; सर्व्हर बंद करून ते बदलता येतात. फूबार२०००ला 'प्लेलिस्ट रिव्हाइव्ह' नावाची जोड मिळते, ती मेलेल्या नोंदीला टॅगवरून (फाइलीतच भरलेल्या गाण्याच्या, गायकाच्या नावांवरून) जुळणारं जिवंत गाणं शोधून बसवते. टॅग नीट भरलेले असतील तर एवढं एकच पुरतं.

डीएलएनएवाल्यांची (टीव्ही, स्पीकर यांना घरच्या नेटवर्कवरून गाणी पुरवायची ही पद्धत) अडचण खरी आहे. तिथे यादीत फाइलचा पत्ता नसून सर्व्हरनं गाण्याला दिलेला क्रमांक असतो. नवा सर्व्हर सगळ्यांना नव्यानं क्रमांक वाटतो. जुन्या क्रमांकावरून नवा ओळखायचं कुठलंही सूत्र नाही, त्यामुळे शोधा-बदला इथे चालत नाही. अशा यादीत बरेचदा गाण्याचं आणि गायकाचं नाव जोडलेलं असतं. ते काढून घ्या आणि त्यावरून एम३यू८ यादी तयार करून नॅसवर ठेवा.

'नुकतीच आलेली' यांसारख्या आपोआप बनणाऱ्या याद्या वेगळ्याच कारणानं बिघडतात. कॉपी करताना फाइलींच्या तारखा बदलल्या असतील तर सगळी गाणी आजच आलेली दिसतात. आरसिंकला 'ए' पर्याय दिला तर बदलाची तारीख टिकते. विंडोजचं रोबोकॉपी हे कॉपीचं साधन फाइलींच्या तारखा स्वतःहून टिकवतं, फोल्डरच्या तारखांसाठी मात्र 'डीकॉपी'मध्ये टी सांगावा लागतो.

पुढच्या नॅससाठी

सगळं वाजायला लागल्यावर मी याद्यांमधले पूर्ण पत्ते काढून सापेक्ष केले. 'प्लेलिस्ट' नावाचं फोल्डर गाण्यांच्या शेजारीच ठेवलं आणि ओळी अशा केल्या:

../कॅसेट/निळी/०३.फ्लॅक

दोन टिंबं म्हणजे 'एक पायरी वर जा'. यात डब्याचं नाव नाही, शेअरचं नाही, ड्राइव्हचं अक्षर नाही. आख्खं झाड उचलून दुसरीकडे लावलं तरी चालतं. पत्ता यादीची फाइल जिथे आहे तिथून मोजला जातो, म्हणून यादी एकटीच उचलून डेस्कटॉपवर टाकली तर ती पुन्हा मुकी होणार. रेघा सगळ्या पुढे झुकणाऱ्या वापरा. विंडोजवरचे बहुतेक प्लेअर त्या समजून घेतात, लिनक्सला मात्र उलटी रेघ म्हणजे फोल्डरची खूण आहे हे कळतच नाही. एमपीडी हा प्लेअर वापरणाऱ्यांना हे करावंच लागत नाही, त्याच्या याद्या गाण्यांच्या मूळ फोल्डरपासूनच मोजतात. सेटिंगमधली एक ओळ बदलली की झालं.

शेवटी तपासणी. प्रत्येक यादीतली पहिली, शेवटची आणि मधली कुठलीतरी एक ओळ वाजवली. मग प्लेअरकडून मेलेल्या ओळींची यादी काढली. चौसष्ट याद्यांत मिळून तीन उरल्या. तिन्ही एकाच फोल्डरमधल्या, आणि ते फोल्डर नव्या डब्यात नव्हतंच. जुन्या डिस्कवर ते होतं: मी त्या काळी फोल्डरच्या नावातच रेकॉर्डिंगची सगळी माहिती लिहायची, त्यामुळे पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या वर गेला होता. तेवढं एक फोल्डर मी विंडोजमधून हलवलं होतं, आणि 'वगळा' या बटणावर बहुधा माझंच बोट पडलं होतं. नाव छोटं केलं, फोल्डर आणलं, तीन ओळी बदलल्या. जुन्या डिस्क त्यानंतर पुसल्या.